प्राचीन काळचे जगाचे नकाशे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगाचा सर्वांत जुना नकाशा कोणता?

आज हातात असलेल्यांपैकी सर्वांत जुना म्हणजे बॅबिलोनचा मातीचा नकाशा. तळहातावर मावेल एवढीच ही पाटी आहे, साधारण १२ सें.मी. उंच आणि ८ सें.मी. रुंद. इ.स.पू. ९व्या शतकानंतर, बहुधा ६व्या शतकाच्या सुमारास ती लिहिली गेली. इराकमधल्या सिप्पर या जुन्या शहराच्या उत्खननातून १८८२ मध्ये ती ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचली.

तिच्यावर दोन एककेंद्री वर्तुळे आहेत. मधल्या गोलात जमीन आणि भोवतीच्या पट्ट्यात ‘मर्रातू’, म्हणजे कडू पाण्याचा समुद्र. वरच्या डोंगरातून निघून खालच्या दलदलीपर्यंत जाणारा उभा पट्टा म्हणजे युफ्रेटिस नदी आणि तिच्यावरचा आडवा आयत म्हणजे बॅबिलोन. अ‍ॅसिरिया, उरार्तू, देर, सूसा ही नावे छोट्या आकृत्यांपाशी लिहिलेली आहेत. समुद्रापलीकडे त्रिकोणी प्रदेश काढले आहेत. मुळात ते आठ असावेत. त्यांतल्या उत्तरेकडच्या एकावर ‘जिथे सूर्य दिसत नाही’ अशी नोंद आहे. मध्यभागी एक भोकही आहे. वर्तुळे काढताना कर्कटकाचे टोक तिथेच रोवले होते.

यापेक्षा जुने नकाशे आहेत, पण ते जगाचे नाहीत. इजिप्तमधला वादी हम्मामातच्या खाणींचा पपायरसवरचा (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचा) नकाशा इ.स.पू. ११५०च्या आसपासचा आहे. निप्पूर शहराचा मातीवरचा आराखडा त्याहूनही जुना.

इंटरनेटवर दिसणारे अ‍ॅनॅक्झिमँडर, हेकाटियस, इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानांचे नकाशे अस्सल आहेत का?

नाहीत, एकही नाही. या तिघांच्या हातचा नकाशा सोडाच, त्याची जुनी नक्कलही उरलेली नाही. जी चित्रे फिरतात ती बहुतेक १९व्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी मूळ ग्रंथांतल्या वर्णनांवरून काढलेली आहेत. त्यांतला किनारा कुठे वळतो, नदी किती लांब आहे, यांतले बरेचसे ठरवले आहे चित्रकाराने.

म्हणून कोणतेही ‘प्राचीन’ चित्र समोर आले की तीन गोष्टी तपासाव्यात: मूळ वस्तू आज कुठे आहे, समोरची प्रत कोणत्या शतकात काढली, आणि ती एखाद्या जुन्या नकाशावरून उतरवली की केवळ मजकुरावरून रचली. पहिल्याच प्रश्नाला संग्रहालयाचे किंवा ग्रंथालयाचे नाव मिळत नसेल, तर ते आधुनिक पुनर्रचनेचे चित्र समजावे. समुद्राला हलका निळा रंग, छापील रोमन अक्षरे, भूमध्य समुद्राचा आजच्यासारखा अचूक किनारा, यांतून अशी चित्रे पटकन ओळखू येतात.

पण असे नकाशे होते, हे तरी कशावरून?

त्या काळच्या लेखकांच्या उल्लेखांवरून. मिलेटस या ग्रीक शहरातल्या अ‍ॅनॅक्झिमँडरने (सुमारे इ.स.पू. ६१०–५४६) ग्रीकांतला पहिला जगाचा नकाशा काढला, ही माहिती इरॅटोस्थेनिसचा हवाला देऊन नंतरचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने तर नकाशे काढणाऱ्यांची थट्टाच केली आहे: कर्कटकाने काढावी तशी गोल पृथ्वी काढतात आणि भोवती महासागर फिरवतात, आशिया आणि युरोप सारखेच मोठे दाखवतात.

त्याच्याच ग्रंथात नकाशाच्या वापराची एक बोलकी हकिगत आहे. इ.स.पू. ४९९च्या सुमारास मिलेटसचा अरिस्टागोरस इराणच्या बादशहाविरुद्ध मदत मागायला स्पार्टाला गेला, तेव्हा सोबत काशाच्या पत्र्यावर कोरलेला जगाचा नकाशा होता. राजा क्लिओमेनिसला त्याने एकेक प्रदेश बोटाने दाखवला. सगळे कसे एकमेकांना लागून दिसत होते! राजाने विचारले, समुद्रापासून बादशहापर्यंत किती दिवसांची वाट? अरिस्टागोरस बोलून गेला, तीन महिन्यांची. सूर्य मावळायच्या आत स्पार्टा सोड, असे त्याला तिथल्या तिथे सांगण्यात आले. अंतर विचारावे लागले, कारण ते नकाशावरून मोजता येत नव्हते.

हे नकाशे टिकले का नाहीत?

पपायरस ओलीत कुजतो आणि कोरड्या वाळवंटाबाहेर क्वचितच वाचतो. काशाचा पत्रा वितळवून पुन्हा वापरता येतो, त्यामुळे तो वितळवला गेला. भिंतीवरचे नकाशे भिंतीबरोबर गेले. रोममध्ये अग्रिपा या सेनापतीच्या माहितीवरून उभारलेला जगाचा मोठा नकाशा असाच नाहीसा झाला. शिवाय नक्कल करणाऱ्यांना मजकूर उतरवणे जमे, चित्र उतरवणे जमत नसे. अलेक्झांड्रियाचा भूगोलकार टॉलेमी याला हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्याने नकाशा आकड्यांत लिहून ठेवला.

प्राचीन लोक पृथ्वी सपाट मानत होते का?

काही मानत, काही नाही. बॅबिलोनच्या पाटीवर सपाट चकती आहे. अ‍ॅनॅक्झिमँडरची पृथ्वी खांबाच्या तुकड्यासारखी, जाडी रुंदीच्या एक तृतीयांश. इ.स.पू. ४थ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने चंद्रग्रहणातली गोल सावली आणि दक्षिणेकडे जाताना दिसणारे नवे तारे हे पुरावे मांडले, आणि त्यानंतर शिकलेल्या ग्रीकांत पृथ्वीचा गोल ही सर्वमान्य गोष्ट झाली. आर्यभटाची पृथ्वीही (इ.स. ४९९) गोलच आहे. इ.स. ६व्या शतकातला कॉस्मस हा व्यापारी-साधू मात्र आयताकृती पृथ्वी मांडून बसला. त्याचा उल्लेख फार होतो, त्याच्या काळी त्याचा प्रभाव तितका नव्हता.

एक घोटाळा टाळावा. नकाशा वर्तुळात काढला म्हणजे काढणारा पृथ्वी सपाट मानत होता, असे होत नाही. ते वर्तुळ पुष्कळदा फक्त माहीत असलेल्या, वस्ती असलेल्या जमिनीचे असते.

त्या काळी अक्षांश कसा काढत?

शंकूने, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीने. विषुवदिनी (दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी) दुपारी सावली सर्वांत आखूड असते तेव्हा ती मोजायची आणि काठीच्या उंचीशी तिचे गुणोत्तर काढायचे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने अशी गुणोत्तरे दिली आहेत: रोममध्ये ९ भाग काठीला ८ भाग सावली, अथेन्समध्ये ४ ला ३, ऱ्होड्सला ७ ला ५, अलेक्झांड्रियात ५ ला ३. सावली भागिले काठी म्हणजे अक्षांशाची स्पर्शज्या (tan). रोमचे उत्तर ४१.६ अंश येते, अलेक्झांड्रियाचे ३१ अंश. खरे आकडे ४१.९ आणि ३१.२.

दोन्ही उत्तरे साधारण पाव अंशाने कमी आहेत, आणि हा योगायोग नाही. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे. सावलीचे टोक धूसर असते आणि मोजणारा गडद भाग जिथे संपतो तिथे खूण करतो. ती खूण सूर्याच्या मध्याची नसते, वरच्या कडेची असते. त्यामुळे सूर्य १६ कला (१ कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उंच भासतो आणि गाव तेवढेच, म्हणजे सुमारे ३० कि.मी., दक्षिणेला सरकते.

बाकीच्या चुका मोजणाऱ्याच्या. काठी उत्तर-दक्षिण दिशेत १ अंश कलली तर रोमच्या अक्षांशावर निकाल अर्ध्या अंशाहून जास्त बिघडतो. ओळंबा लावणे यासाठीच. पंचांग एका दिवसाने चुकले तर ०.४ अंश, कारण विषुवदिनाच्या सुमारास सूर्य सर्वांत वेगाने उत्तर-दक्षिण सरकतो.

मग रेखांश इतके का चुकले?

रेखांशाला आकाशात स्थिर खूण नाही. दोन ठिकाणच्या स्थानिक वेळांतला फरक हवा. १ तास म्हणजे १५ अंश. इ.स.पू. २ऱ्या शतकात ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसने उपाय सुचवला होता: चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी दिसते, तेव्हा दोन ठिकाणी त्याची स्थानिक वेळ नोंदवा. सूर्यसिद्धान्त या भारतीय ज्योतिषग्रंथातही देशांतर (रेखांशातला फरक) काढण्याची हीच रीत आहे.

तत्त्व बिनचूक, घड्याळ कच्चे. टॉलेमीने दिलेले उदाहरण इ.स.पू. ३३१ च्या ग्रहणाचे आहे: अर्बेला (आजच्या इराकमध्ये) इथे ते पाचव्या तासाला दिसले, कार्थेजला (आजच्या ट्युनिशियात) दुसऱ्या तासाला. फरक ३ तास, म्हणजे ४५ अंश. प्रत्यक्षात ही दोन ठिकाणे सुमारे ३४ अंशांवर आहेत. पाऊण तासाच्या चुकीने ११ अंश गेले.

बाकी सगळे रेखांश प्रवासाच्या दिवसांवरून. वाट वाकडी, मुक्काम मोजलेले की नाही याचा पत्ता नाही, आणि व्यापारी अंतर वाढवूनच सांगणार. टॉलेमीच्या आधीचा भूगोलकार, टायरचा मॅरिनस याने अशा एका नोंदीवरून, मध्य आशियातल्या ‘पाषाण मनोऱ्या’पासून रेशमाच्या देशाच्या (चीनच्या) राजधानीपर्यंतच्या सात महिन्यांच्या प्रवासाचे, ३६,२०० स्टेडिया (स्टेडियम हे अंतराचे ग्रीक एकक) केले. टॉलेमीने ते सरळ निम्मे, १८,१०० केले. अंदाजाने, पण शहाण्या अंदाजाने.

आणि मग आली एककाची चूक. इरॅटोस्थेनिसच्या हिशेबात विषुववृत्तावर १ अंश ७०० स्टेडियांचा होता. टॉलेमीने ५०० धरला. ऱ्होड्स बेटाच्या अक्षांशावर (३६ अंश) रेखावृत्ते जवळ येतात, म्हणून तिथे तो ४०० होतो. त्याच्या नकाशात भूमध्य समुद्र सुमारे ६२ अंश लांब आहे, म्हणजे २४,८०० स्टेडिया. हेच अंतर ७०० च्या हिशेबाने (ऱ्होड्सवर ५६०) भागून पाहा: ४४ अंश येतात. खरी लांबी सुमारे ४२ आहे. म्हणजे खलाशांनी सांगितलेली अंतरे बरी होती, गोळा लहान धरल्यामुळे ती जास्त अंशांवर पसरली.

इरॅटोस्थेनिसने पृथ्वीचा घेर अचूक मोजला होता का?

पद्धत उत्तम, पण ‘एक टक्काही चूक नाही’ हे नेहमी ऐकू येणारे वाक्य जपून वापरावे. सिएनेला (आजचे अस्वान) सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्याच वेळी अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाने, ७.२ अंशांनी, कललेला. अंतर ५,००० स्टेडिया. पन्नास पटीने २,५०,००० स्टेडिया. नंतर ६० ने भाग जावा म्हणून २,५२,०००.

स्टेडियम किती लांबीचे यावर सगळे अवलंबून आहे. १५७ मीटर धरले तर घेर ३९,००० कि.मी.च्या वर, १८५ धरले तर ४६,०००. शिवाय सिएने कर्कवृत्तावर नेमके नाही, दोन्ही शहरे एका रेखावृत्तावर नाहीत (फरक ३ अंशांचा), आणि ५,००० हा गोल आकडा आहे. चुका एकमेकींना काही अंशी खाऊन गेल्या.

टॉलेमीच्या नकाशात नेमके काय आहे?

इ.स. १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात लिहिलेल्या त्याच्या ‘भूगोला’त सुमारे ८,००० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आहेत. शून्य रेखांश अटलांटिकमधल्या ‘भाग्यवान बेटां’वर, म्हणजे कॅनरी बेटांच्या बाजूला. तिथून पूर्वेला १८० अंश. उत्तरेची सीमा थुले हे दूरचे बेट, ६३ अंश. दक्षिणेची १६ अंश २५ कला. आफ्रिका खाली संपत नाही, ती अज्ञात भूमीने आशियाला जोडलेली आहे, त्यामुळे हिंदी महासागर बंदिस्त तलाव झाला आहे.

भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे आहे. सिंधूच्या मुखापासून किनारा पूर्वेकडे सपाट धावतो. उलट तप्रोबाने, म्हणजे श्रीलंका, १२½ अंश उत्तरेपासून विषुववृत्त ओलांडून २½ अंश दक्षिणेपर्यंत पसरली आहे. खरे बेट चार अंशांत मावते.

टॉलेमीच्या हातचा नकाशा उरलेला नाही. १२९५च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये मॅक्सिमस प्लानुडेस या साधूला ग्रंथाची हस्तलिखिते मिळाली, आणि आज दिसणारे नकाशे त्या काळापासूनचे आहेत. आकडे प्राचीन, रेषा मध्ययुगीन.

टॉलेमीचा नकाशा स्वतः काढता येईल का?

येतो. त्याची पहिली, सोपी प्रक्षेपण-रीत (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत) ए-३ कागदावर नेमकी बसते. एकक २ मि.मी. धरा, १ एकक म्हणजे रेखावृत्तावरचा १ अंश.

१. कागद आडवा ठेवून मधोमध उभी रेषा काढा. वरच्या कडेपासून १.५ सें.मी. खाली केंद्रबिंदू घ्या. ही रेषा म्हणजे ९० अंश रेखावृत्त.

२. केंद्रापासून चार चाप काढा: थुले ५२ एकक (१०.४ सें.मी.), ऱ्होड्स ७९ (१५.८), विषुववृत्त ११५ (२३), दक्षिण सीमा १३१ ५/१२ (२६.३). साधे कर्कटक एवढे उघडत नाही. दोरा ताणला जातो, म्हणून जाड पुठ्ठ्याच्या पट्टीला भोके पाडून टाचणीवर फिरवा.

३. ऱ्होड्सच्या चापावर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ४-४ एककांवर (८ मि.मी.) १८-१८ खुणा करा. प्रत्येक खूण ५ अंश रेखांशाची.

४. केंद्रातून या खुणांवरून रेषा काढा, पण थुलेपासून विषुववृत्तापर्यंतच.

५. दक्षिण सीमेच्या चापावर ५-५ एककांवर (१ सें.मी.) खुणा करून त्या विषुववृत्तावरच्या खुणांना जोडा. रेषा इथे आत मोडतात. तसेच हवे आहे. सरळ नेल्या तर दक्षिणेकडे अंतरे फुगत जातात.

सर्वांत जास्त बिघडते ते तिसऱ्या पायरीत. प्रत्येक खूण अर्धा मि.मी. चुकली तर अठराव्या खुणेला ९ मि.मी.चा फरक पडतो. पडताळा म्हणून कोनमापक लावा: शेवटची रेषा मधल्या रेषेशी ५२.२ अंश कोन करायला हवी.

ठिकाण मांडायला विषुववृत्ताच्या उत्तरेला सोपे सूत्र आहे: कोन = (रेखांश − ९०) × ०.५८, केंद्रापासून अंतर = (११५ − अक्षांश) × २ मि.मी. अलेक्झांड्रिया (६०½, ३१) मधल्या रेषेच्या डावीकडे १७.१ अंश, केंद्रापासून १६.८ सें.मी. रोम (३६⅔, ४१⅔) डावीकडे ३०.९ अंश, १४.७ सें.मी. बायझँटियम, म्हणजे आजचे इस्तंबूल, (५६, ४३ १/१२) मांडले की ते रोमच्याही उत्तरेला जाते. ते तुमच्या हातून चुकलेले नाही. टॉलेमीनेच ते २ अंश वर ठेवले आहे.

आकडे बरोबर मांडूनही काही गावे समुद्रात का पडतात?

नक्कल करताना झालेल्या चुकांमुळे. ग्रीक आकडे अक्षरांत लिहीत: अल्फा म्हणजे १, डेल्टा ४, लॅम्डा ३०. मोठ्या लिपीत तिन्ही अक्षरे त्रिकोणी दिसतात. एक आडवी रेघ पुसट झाली की ४ चे ३० होतात. संशय आला तर एकाऐवजी दोन हस्तलिखित परंपरांचे आकडे ताडून पाहावेत. चांगल्या संपादित आवृत्तीत पाठभेद तळटीपेत दिलेले असतात.

रोमन लोकांचे नकाशे वेगळे होते का?

उरलेल्यांत सर्वांत विलक्षण ‘प्यूटिंगर पट’. इ.स. ४थ्या-५व्या शतकातल्या मूळ नकाशाची ही १२००च्या आसपासची चर्मपत्रावरची नक्कल. लांबी ६.७५ मीटर, उंची केवळ ३४ सें.मी. स्पेनपासून भारतापर्यंतचे जग या पट्टीत बसवायचे म्हणून भूमध्य समुद्राचा ओढा झाला आहे. पश्चिमेचा पहिला तुकडा हरवला आहे, ११ शिल्लक.

तो वाचायचा तो रस्त्यांसाठी. लाल रेषेला जिथे छोटा मोड येतो तिथे मुक्काम, आणि दोन मोडांमधला आकडा म्हणजे अंतर, बहुतेक रोमन मैलांत (१ मैल सुमारे १.४८ कि.मी.); गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) मात्र लीग या वेगळ्या एककात. दिशा आणि आकार यांवर विश्वास ठेवू नये, बेरजेवर ठेवावा. इ.स. ७९ मध्ये गाडले गेलेले पाँपेईही त्यावर आहे, म्हणजे मूळ नकाशातली काही माहिती आणखी जुनी आहे. दक्षिण भारतात मुझिरिस या केरळच्या जुन्या बंदराजवळ ‘ऑगस्टसचे मंदिर’ असे लिहिले आहे.

चीनमध्ये काय होते?

जग कमी, मोजमाप जास्त. छांगशाजवळ मावांगत्वे इथे, इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या कबरीत १९७३ साली रेशमावरचे नकाशे सापडले. त्यांतल्या भूरचनेच्या नकाशाचे प्रमाण मुख्य भागात १ : १,८०,००० च्या आसपास आहे आणि दक्षिण वर आहे. पेइ श्यू (२२४–२७१) या चिनी अधिकाऱ्याने नकाशाचे सहा नियम घालून दिले. चढ-उतार आणि वळणे वजा करून सरळ अंतर धरावे, हा त्यांतला गाभा. दगडावर कोरलेल्या ११३६ च्या नकाशात प्रत्येक चौकोन १०० ली (चिनी अंतराचे एकक) बाजूचा आहे.

जंबूद्वीपाची चित्रे नकाशात मोडतात का?

ती विश्वरचनेची चित्रे आहेत, वाट शोधण्याची नव्हेत. पण त्यांत हिशेब आहे. पुराणांत सात द्वीपे, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. जैन मांडणी त्याहून काटेकोर. जंबूद्वीपाचा व्यास १,००,००० योजने, त्याचे १९० भाग: दक्षिणेकडून भरतक्षेत्र १, मग पर्वत २, क्षेत्र ४, असे दुप्पट होत मधल्या विदेहाला ६४, आणि तसेच उतरत उत्तरेला पुन्हा १. म्हणून भरतक्षेत्राची रुंदी ५२६ ६/१९ योजने. कापडावर रंगवलेले जे पट आज मिळतात ते मात्र बरेच अलीकडचे, मुख्यतः १५व्या शतकापासून पुढचे.

ज्योतिषाची परंपरा वेगळी. तिथे लंका विषुववृत्तावर आणि उज्जयिनी शून्य रेखेवर. विषुववृत्तावर ९०-९० अंशांनी लंका, यमकोटी, सिद्धपूर, रोमक.

उत्तर नेहमी वरच असे का?

नाही. टॉलेमीकडे उत्तर वर, युरोपच्या मध्ययुगीन गोल नकाशांत पूर्व, अरब भूगोलकार अल-इद्रिसीच्या ११५४च्या नकाशात दक्षिण. जुना नकाशा ‘उलटा’ वाटला की आधी एखादी ओळखीची नदी शोधावी आणि कागद फिरवावा.

‘इथे ड्रॅगन आहेत’ असे खरेच लिहीत?

प्राचीन नकाशावर कुठेही नाही. ते लॅटिन वाक्य १६व्या शतकाच्या सुरुवातीच्या पृथ्वीगोलांवर आढळते. विचित्र माणसे मात्र होती: एका पायाची, कुत्र्याच्या तोंडाची. क्टेसियस आणि मेगॅस्थेनिस या ग्रीक लेखकांनी ती भारतात वसवली, आणि मध्ययुगीन नकाशांनी ती तशीच ठेवली.

पिरी रेईसचा नकाशा प्राचीन आहे का?

नाही. ऑटोमन तुर्की दर्यावर्दी पिरी रेईसचा हा नकाशा १५१३ चा आहे. त्यात अंटार्क्टिका दिसते असे सांगितले जाते, पण ती नाही. खालचा किनारा दक्षिण अमेरिकेचाच, चामड्याच्या कडेला बसवायला वळवलेला, असे मानणे जास्त सयुक्तिक आहे.

मूळ वस्तू कुठे पाहायला मिळतात?

बॅबिलोनची पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, खाणींचा पपायरस तूरीनच्या इजिप्शियन संग्रहालयात, मावांगत्वेचे रेशमी नकाशे छांगशाच्या हुनान संग्रहालयात. प्यूटिंगर पट व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, पण चर्मपत्र फार नाजूक झाल्यामुळे तो सहसा प्रदर्शनात ठेवत नाहीत. त्याच्यासाठी डिजिटल प्रतच बघावी. पाटी प्रत्यक्ष पाहणार असाल तर तिरकस उजेड पडेल अशा बाजूला उभे राहा. समोरून पडलेल्या प्रकाशात खिळ्यांसारखी अक्षरे सपाट दिसतात आणि समुद्राच्या पट्ट्यातली नावे जवळजवळ दिसेनाशी होतात.